मदत हवी आहे : मलावी सिक्लिडच्या टँकला कोणती एलईडी लावू?

टँक ४ फूट लांब, दीड फूट उंच, साधारण २५० लिटरचा. आत आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे आहेत, पिवळे यलो लॅब आणि निळे डेमासोनी; खाली वाळू आणि वर रचलेले दगड. झाडं म्हणाल तर दगडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न, बाकी काही नाही. दोन्ही कमी उजेडात जगतात, त्यामुळे झाडांसाठीची महागडी लाइट मला नकोच आहे.

सध्या लाल-निळ्या एलईडीची पट्टी आहे. तिच्याखाली डेमासोनीचा निळा खुलतो, पण यलो लॅबचा पिवळा पार मळकट नारिंगी दिसतो. इतके सुंदर मासे आणि त्यांचा खरा रंगच दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं. शिवाय लाइट एकदम लागली की सगळे दचकून दगडांत शिरतात.

६५०० केल्विनची (दिवसाच्या उजेडासारखी) पांढरी घ्यावी की १०००० ची (जास्त निळसर)? की ६५०० सोबत थोडी निळी जोडून दोन्ही रंग सांभाळता येतात? ज्यांच्याकडे पिवळे आणि निळे मासे एकत्र आहेत त्यांनी आपला अनुभव जरूर सांगा. हळूहळू उजेड वाढवणारा डिमर लावल्यावर मासे खरंच शांत राहतात का?

दगडांवरच्या शेवाळाची तक्रार नाही, हे मासे ते खरवडून खातात. काचेवरचं मात्र वाढतंय. टायमर ८ तासांवर आहे, तो ६ वर आणू का?

टँकचा फोटो कमेंटमध्ये टाकतो.