ड्रोनच्या सहापैकी चार बॅटरी पॅक पावसाळ्यात फुगले. आणखी सहा घेऊ की आधी चार्जर बदलू?

सड्यावरचा_वारा

मंडळी, देवगडहून लिहितोय. माझा पाच इंची एफपीव्ही ड्रोन आहे (चष्म्यात कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा), ६एस म्हणजे सहा सेलांच्या पॅकवर चालणारा, स्वतः सोल्डर केलेला (त्यामुळे एक मोटर उलटी फिरून पहिल्याच दिवशी चिऱ्याच्या गडग्यावर आपटला होता, पण ते असो). पॅक सहा, सगळे १३०० एमएएच, एक्सटी-६० प्लगवाले. मार्चपासून मे संपेपर्यंत झकास चालले. दिवसभर बागेत पेट्या भरायच्या आणि उन्हं उतरली की स्कूटीवरून सड्यावर, कातळाच्या पठारावर.

मेच्या शेवटी एका शनिवारी रात्री सहाही पॅक फुल करून ठेवले, पहाटे उडवायचे म्हणून. पहाटे आभाळ फाटलं. म्हटलं उद्या. उद्याही तेच. मग मिरग लागला, मग तरवा, मग लावणी, मग गणपती. पिशवी माळ्यावर राहिली ती राहिलीच. परवा काढली तर चार पॅक पावासारखे फुगलेले! एकाचं वेष्टण तर ताणून शिवणीत उसवलंय. दोन दिसायला बरे आहेत.

आता अडचण अशी. सड्यावर ऑक्टोबरचं ऊन पडलंय, गवत अजून सोनेरी व्हायचंय, उडवायचे दिवस हेच. चुलतभाऊ दिवाळीला मुंबईहून येतोय, लॅमिंग्टन रोडवरून काय हवं ते आणतो म्हणाला. खिशात १५ हजार. सहा नवे पॅक घेतले तर त्यातच सगळे जातात. पण चार्जरही जुना आहे, ८० वॅटचा, एका वेळी एकच पॅक. सहा भरायला सहा तास, त्यात मधे लाईट गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सड्यावर तर प्लगच नाही. घरातून चार किलोमीटर, सहा पॅक उडवले की अर्ध्या तासात खेळ खलास, घरी परत.

वडील म्हणतात कोकणातल्या दमट हवेने फुगले, असल्या वस्तू इथे टिकायच्या नाहीत. खरं का? आणि स्पेअर किती ठेवावे माणसाने?

पोफळीची_सावली

दमटपणाच. माझा रिमोट पण असाच गेला. सिलिका जेलच्या पुड्या टाका डब्यात. आणि दहा पॅक तरी हवेतच, सहा म्हणजे काहीच नाही.

होडीचा_वायरमन

झिला, दमटपणाक कित्याक बोल लावतंस? फुल भरून ठेवल्यार तो फुगतलोच. पुढचं सरळ मराठीत लिहितो, नायतर घाटावरची मंडळी भाषांतर मागतील.

मी मालवणात होड्यांचं वायरिंग करतो, फिशफाइंडर, वायरलेस, दिवे. गेली काही वर्षं हा ड्रोनचा नाद पण आहे. तुझ्यासारखेच पाच पॅक मी पहिल्या वर्षी घालवले, म्हणून लांबण लावतो, वाच.

लिपोचा, म्हणजे या लिथियम पॉलिमर बॅटरीचा, पाऊच बंद असतो. हवेतलं पाणी आत शिरत नाही. पण सेल ४.२ व्होल्टवर भरून आठवडेच्या आठवडे ठेवला की आतलं इलेक्ट्रोलाइट विघटायला लागतं, त्याचा गॅस होतो, आणि पाऊच फुगतो. उष्णतेने ते आणखी भरभर होतं. तू ठेवलेस कुठे, माळ्यावर. कौलाखाली, मेच्या अखेरीला. म्हणजे दोन्ही पापं एकत्र. म्हणून ठेवायचा पॅक प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायचा. ६एसला ते साधारण २२.८ ते २३.१ येतं. माझा नियम: भरलेला पॅक दोन दिवसांत उडाला नाही तर तिसऱ्या दिवशी तो उतरवायचा, मग बाहेर ऊन असो की पाऊस.

दमट खारी हवा खाते ती कनेक्टर. एक्सटी-६० च्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, त्या बऱ्याच तग धरतात. बॅलन्स लीडच्या (प्रत्येक सेल वेगळा मोजायला चार्जरला जोडायच्या बारीक तारांच्या) पिना मात्र काळ्या-हिरव्या पडतात, मग चार्जर एखादा सेल चुकीचा दाखवतो आणि आपण पॅकला नावं ठेवतो. पोफळीवाले म्हणतात त्या सिलिकाच्या पुड्या यासाठी चांगल्या. पण डबा घट्ट बंद करू नका. आत गॅस झाला तर त्याला वाट हवी.

आता चार्जर. तो बदलायची घाई करू नकोस. आधी त्याच्या बाजूला डीसी इनपुट आहे का बघ. जुन्या ८० वॅटवाल्यांपैकी बऱ्याच जणांना असतो, लोक बघतच नाहीत. असला तर १२ व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालेल. हिशोब सांगतो. तुझा एक पॅक म्हणजे २२.२ गुणिले १.३, जवळपास २९ वॅट-तास. उडवून खाली आणलेला पॅक परत भरायला, चार्जरमधलं नुकसान धरून, ३० वॅट-तास धर. गाडीची बॅटरी ४० अँपिअर-तासाची असली तर ४८० वॅट-तास, पण इंजिन बंद ठेवून त्यातला तिसरा हिस्साच काढायचा, नाहीतर सड्यावरून धक्का मारत खाली याल. म्हणजे पाच पॅक. त्यापुढे इंजिन चालू ठेव. स्कूटीच्या बॅटरीचं नाव काढू नकोस, ती चार-पाच अँपिअर-तासाची, तिला एक पॅकसुद्धा जड.

चिमटे थेट बॅटरीला लाव. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज ऐन वेळी उडतो. चार्जरमधे इनपुटची खालची मर्यादा ११.८ च्या आसपास लावून ठेव, म्हणजे तो आपला आपण थांबेल.

एका वेळी एकच पॅक, याला उपाय पॅरलल बोर्ड. चार पॅक जोडलेस तर चार्जरला तो एकच ५२०० एमएएचचा पॅक वाटतो. तुझे ८० वॅट म्हणजे ६एसला ३.२ अँपिअर सुटतात. चारही पॅक दोन तासांत भरतात, आणि त्यांना ०.६ सी म्हणजे आरामाचंच (१ सी म्हणजे पॅकच्या क्षमतेइतका करंट, तुझ्या एका पॅकला १.३ अँपिअर). पण यात चुकलास तर आग लागते, म्हणून हे नीट ऐक. जोडण्याआधी प्रत्येक पॅक सेल चेकरने मोज, सेलमागे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तो बाहेर ठेव. आधी जाड एक्सटी-६० लावायचे, मग बॅलन्सच्या बारीक लीड. उलट केलंस तर दोन पॅकमधला फरक त्या केसासारख्या तारांतून धावतो. ४एस आणि ६एस एका बोर्डावर कधीच नाही. फुगलेला तर त्या खोलीतही नको. चार्जिंग खळ्यात किंवा चिऱ्याच्या लादीवर, लाकडी माळ्यावर नाही, आणि उठून जायचं नाही. बाजूला बादलीभर वाळू ठेव, पण पुळणीवरची नको, ती ओली आणि खारी. नदीची कोरडी.

किती पॅक? माझ्या हातात सहा. सहाव्यानंतर बोटं दमतात आणि नेमका त्याच वेळी माड समोर येतो. पण पॅकवर छापलेला सी आकडा बघून भाळू नका, १२०सी म्हणजे या पॅकला १५६ अँपिअर, तो नुसता छापलेला असतो. मी पॅकचा आतला रेझिस्टन्स मोजतो. नव्याला सेलमागे चार-पाच मिलिओम दिसतात, पंधराच्या पुढे गेला की तो पॅक माझ्याकडे निवृत्त.

सड्यावरचा_वारा

आहे! डीसी इनपुट आहे! दुकानदाराने किमतीचा स्टिकर नेमका त्यावर चिकटवला होता. तीन वर्षं चार्जर वापरतोय आणि आज कळलं. गावातल्या दुसऱ्या चुलतभावाच्या पिकअपला चिमटे लावून बघितलं, चालला.

ते दोन "बरे" पॅक मोजले. पहिल्याचे सहाही सेल ४.१ च्या वर, म्हणजे तोही चार महिने भरूनच होता, पण फुगला नाही. दुसऱ्यात पाच सेल ४.०८ आणि तिसरा ३.६२. हा वापरू का? बॅलन्स चार्जला (सगळे सेल सारखे करणाऱ्या) लावलं तर जुळेल ना?

होडीचा_वायरमन

जुळेल, आणि आठ दिवसांनी परत ३.६ वर येईल. त्या सेलचा चार्ज आतल्या आत गळतोय. हवेत असताना पाच सेल जोर लावतील आणि तो तीनच्या खाली बसेल, ड्रोन करवंदीच्या जाळीत. बोर्डावर तर लावायचाच नाही. पहिला पॅक आधी ३.८५ वर आण, रेझिस्टन्स बघ, मग ठरव.

पोफळीची_सावली

मग फुगलेल्यांचं काय करायचं? आमच्याकडे सांगतात मिठाच्या पाण्यात टाका. तुमच्याकडे तर समुद्रच आहे 🙂

होडीचा_वायरमन

समुद्राक आणि कामा नाय काय? खाऱ्या पाण्यात तारांचे आणि टॅबचे तुकडे आधी गंजून पडतात आणि करंट आतच राहतो. वरून वाटतं मेला, आत जिवंत. मग तो कुणाच्या तरी हातात येतो.

मी ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब वापरतो, मागच्या इंडिकेटरचा, २१ वॅटचा. गॅरेजवाल्याकडे मिळतो. त्याला एक्सटी-६० चा नर सोल्डर करायचा, पॅक उघड्यावर चिऱ्यावर ठेवायचा, आणि लांब बसायचं. साधारण एक अँपिअरच्या आतच ओढतो. फुगलेला असेल तर बल्ब पूर्ण विझेपर्यंत, आणि नंतरही रात्रभर तसाच जोडलेला. मग टोकं टेप लावून ई-कचऱ्यात, रद्दीत नाही. फाटायला आलेल्या त्या एकाला पिशवीत घालून फिरवू नकोस, आहे तिथेच अंगणात काम उरकून घे.

तोच बल्ब चांगल्या पॅकलाही उतरवायला चालतो, चार्जरच्या डिस्चार्जपेक्षा कितीतरी जलद. भरलेला पॅक पाऊण तासाच्या आसपास स्टोरेजवर येतो. पण बल्बला थांबायची अक्कल नाही. बॅलन्स लीडला तो शिट्टीवाला अलार्म लाव, ३.८५ वर. नाहीतर जेवायला जाशील आणि चांगला पॅक पण गमावशील. मी गमावलाय. सोलकढीसाठी उठलो होतो.

सड्यावरचा_वारा

ऑर्डर बदलली. चार पॅक, एक पॅरलल बोर्ड (फ्यूजवाला), सेल चेकर, दोन अलार्म. चार्जर नाही. काही पैसे उरतात, त्यात रिमोटसाठी दोन १८६५० सेल घेतोय, कारण मागच्या महिन्यात सगळं घेऊन सड्यावर गेलो आणि रिमोटच मेलेला निघाला.

चार फुगलेले खळ्यात एकेक करून उतरवले. वडील ओटीवर बसून बघत होते. चौथ्या पॅकवर बल्ब विझत आला तेव्हा म्हणाले, हा गोठ्यात लावायला बरा होता. आता बल्ब गोठ्यात आहे, ड्रोनसाठी दुसरा आणायला उद्या गॅरेजवर जातोय.