एनसीव्ही नॉर्मल म्हणजे नस नॉर्मल? जुन्या व्हिपलॅशच्या तपासणीवरून वाद

मानदंड

मागून गाडी धडकली, मानेला हिसका बसला, म्हणजे व्हिपलॅश झालं. सहा महिने उलटले तरी मान दुखते, हाताला मुंग्या येतात, रात्री आग होते. एनसीव्ही (नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) नॉर्मल येते आणि फाइलवर शेरा पडतो: नसेचा संबंध नाही. हा शेरा चूक आहे, असं माझं म्हणणं.

एनसीव्ही मोजते ती फक्त जाड, मायलिनचं आवरण असलेल्या तंतूंची वहनक्षमता. थंडी आणि टोचणं नेणारे बारीक ए-डेल्टा तंतू, ऊब नेणारे सी तंतू तिच्या आवाक्यातच येत नाहीत. शिवाय नसेला नुसती सूज असेल, तंतू तुटलेले नसतील, तर वहन शाबूत राहतं आणि तरी नस ताणाला हुळहुळी होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे.

व्हिपलॅशच्या 1995 च्या क्यूबेक वर्गवारीत ग्रेड 2 म्हणजे मानदुखीसोबत हालचाल कमी आणि दाबल्यावर दुखणं. ग्रेड 3 साठी रिफ्लेक्स, ताकद किंवा संवेदना यांत कमतरता सापडावी लागते. सापडायची तर आधी शोधायला हवी. दंडावरून दोनदा कापूस फिरवला की 'संवेदना ठीक' असं लिहून मोकळं होणं, हा शोध नव्हे.

माझा क्रम असा. आधी पेशंटलाच शरीराच्या चित्रावर दुखणं, मुंग्या, बधिरपणा वेगवेगळ्या रंगात काढायला लावायचं. मग कापूस, मग टूथपिक, मग दोन नाणी: एक खोलीच्या तापमानाचं, दुसरं अर्धा तास खिशात ठेवून गरम झालेलं. मानेतून निघणाऱ्या नसांच्या क्रमांकानुसार अंगठा सी-6, मधलं बोट सी-7, करंगळी सी-8. दंडाची बाहेरची बाजू सी-5. शेवटी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क. हे सगळं नस ताणायच्या चाचणीच्या *आधी*. एकदा नस ताणून मुंग्या उठवल्या की पुढच्या संवेदनेच्या उत्तरांवर भरवसा राहत नाही.

ताकद बघताना ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) कोपर साधारण काटकोनात ठेवून तपासा. कोपर पूर्ण सरळ करून 'धरून ठेवा' म्हटलं की सांधा लॉक होतो आणि सी-7 ची कमजोरी लपते.

काटेकोर

क्रम छान आहे. निष्कर्ष मान्य नाही.

जुन्या व्हिपलॅशमध्ये मज्जासंस्थाच संवेदनशील झालेली असते. मानेपासून लांब, पायाच्या नडगीवर दाबलं तरी दुखतं, थंड वस्तू नकोशी होते. अशा माणसाच्या हातावर टूथपिक टेकवली तर 'जास्त टोचतंय' असंच तो म्हणणार. त्यावरून नस बिघडली हे कसं ठरवलंत?

तुमच्या ताणाच्या चाचण्यांचंही तेच. रॅडिक्युलोपथीसाठी (मानेपाशी नसेचं मूळच बिघडणं) सगळे ज्या चार चाचण्यांचा हवाला देतात (2003 चा अभ्यास, 82 पेशंट), त्यात दुखऱ्या बाजूला मान 60 अंशांपेक्षा कमी वळणं ही एक. व्हिपलॅशवाल्यांत ती बहुतेकांची वळत नाहीच. मान ओढल्यावर बरं वाटणं ही दुसरी, आणि ते ग्रेड 2 मध्येही कित्येकांना वाटतं. तिसरी हाताची नस ताणायची: तिची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडणं) 0.97, पण स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना वगळणं) अवघी 0.22. म्हणजे तीन चाचण्या फुकटात पॉझिटिव्ह, आणि उरतो एकटा स्पर्लिंग (मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर दाबणं). तीन पॉझिटिव्ह असतील तर शक्यता 65 टक्के, चार असतील तर 90, हे आकडे या पेशंटांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

'नस दबली आहे' हे तीन शब्द ऐकले की माणूस मान हलवायचीच सोडतो. वर प्रीगॅबालिन हे नसेच्या दुखण्याचं औषध सुरू होतं आणि दिवसभर गुंगी.

तार_तपासनीस

एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातली विद्युत हालचाल बघणं) करणाऱ्यांच्या बाजूने थोडं, कारण मशीनला उगाच दोष लागतोय. रॅडिक्युलोपथीत संवेदी एनसीव्ही नॉर्मल यायलाच हवी. इजा डॉर्सल रूट गँगलियनच्या (संवेदी पेशींची गाठ) अलीकडे, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला असते. पेशी आणि तिचा हातापर्यंत गेलेला तंतू जिवंत असतो, त्यामुळे तपासणीत तो ठणठणीतच दिसणार. ती कमी आली तर उलट प्लेक्सस (खांद्याजवळचं नसांचं जाळं) किंवा मनगटातली कार्पल टनेल शोधा.

ईएमजीतले फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूतंतूंची आपोआप होणारी थरथर) दिसायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी केलेल्या नॉर्मल ईएमजीला अर्थ नाही. दोन वर्षांनी केलेल्यालाही फारसा नाही, कारण तोवर स्नायूत नसेच्या नव्या फांद्या फुटून फिब्रिलेशन विरलेले असू शकतात. आणि ज्यांची ताकद कमी झालेलीच नाही त्यांच्यात ईएमजी बहुधा काही दाखवत नाही. चाचणी कशासाठी पाठवली ते चिठ्ठीवर लिहा. 'नेक पेन, एनसीव्ही' एवढ्यावर आम्ही काय शोधायचं?

एमआरआयचं उलट आहे, तो नको इतकं दाखवतो. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या 1211 जणांच्या मानेचा एमआरआय केला, तेव्हा 87.6 टक्क्यांत डिस्क फुगलेली निघाली. अहवालात 'सी-5-6 बल्ज' असणं म्हणजे पुरावा नाही.

मानदंड

काटेकोर, वाढलेल्या संवेदनेबद्दल तुमचं बरोबर. 'जास्त टोचतं' याला मी नसेचा पुरावा मानतच नाही. मी शोधतो *कमी* झालेली संवेदना. ऑस्ट्रेलियात 2008 साली ग्रेड 2 चे जुने पेशंट आणि रॅडिक्युलोपथीचे पेशंट शेजारी ठेवून मोजमाप केलं, तेव्हा दोघांचं संवेदनेचं चित्र बरंच सारखं निघालं. 2010 मध्ये त्याच गटाने दाखवलं की ही घटलेली संवेदना व्हिपलॅशमध्ये आहे, अपघाताविना जुनी मानदुखी असलेल्यांत नाही. सगळं मज्जासंस्थेच्या संवेदनशीलतेवर ढकलायचं तर हा फरक का?

काटेकोर

फरक आहे, पण ती घट एका नसेपुरती कुठे होती? बऱ्याच भागांत पसरलेली होती. सतत ठणका चालू असला की स्पर्श आणि उष्णतेचे संदेश वरच्या पातळीवर दडपले जातात, असाही त्याचा अर्थ लागतो. एका डर्मॅटोममध्ये (एकाच नसमुळाच्या त्वचेच्या पट्ट्यात) घट, शेजारचा ठीक, दुसरा हात ठीक: असं सापडलं तर मी तुमच्याकडे येतो. दोन्ही हात, खांदे, गाल सगळीकडेच मंद असेल तर नाही.

आणि आपल्याकडे आणखी एक भानगड. डायबेटिस आणि बी-12 ची कमतरता दोन्ही भरपूर. हात तपासणारे पायाची बोटं बघतच नाहीत. तिथेही नाणं कळत नसेल तर मानेला दोष देण्याआधी साखर आणि बी-12 बघा.

ऊन_चंद्रपूर

नाण्यांबद्दल. 'खोलीच्या तापमानाचं' हे थंड देशांतलं गृहीत आहे. हाताची त्वचा साधारण 32 अंशांवर असते. मे महिन्यात आमच्याकडे कूलर चालू असलेल्या खोलीतही नाणं त्याच्या आसपास जातं. ते थंड लागणारच नाही, आणि सगळेच पेशंट 'थंडी कळत नाही' या खात्यात जातील. नाणं माठातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून पुसून घ्या, आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. पेशंट उन्हातून आला असेल तर वीस मिनिटं बसू द्या.

मानदंड

हे पटलं, बदलतो. पायाची बोटंही क्रमात घेतो.

ताणाच्या चाचणीबद्दल मात्र काटेकोरांना उत्तर देणं आहे. 'ताण जाणवला' यालाच पॉझिटिव्ह म्हटलं की स्पेसिफिसिटी घसरणारच. निरोगी माणसालाही कोपराच्या खोबणीत ताण बसतो. खांदा खाली धरून ठेवा, तो वर सरकला की चाचणी गेली. मग हात बाजूला 90 ते 110 अंश, मनगट-बोटं मागे, तळवा वर, दंड बाहेर फिरवून शेवटी कोपर सरळ. जिथे *त्याचा नेहमीचा* त्रास उठतो तिथे थांबा आणि काहीही न हलवता फक्त मान दुसऱ्या बाजूला झुकवा. हातातला त्रास बदलला तरच नसेचा. आणि पॉझिटिव्ह आलं तरी त्याचा अर्थ 'नस हुळहुळी आहे' एवढाच. 'तंतू मेलेत' असा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगळ्या लिहायच्या.

काटेकोर

मग फाइलवर तसंच लिहा. न्यूरोपॅथिक दुखण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: इतिहास आणि दुखण्याची जागा नसेशी जुळली तर 'शक्य', त्याच जागेत संवेदनेचा बदल सापडला तर 'संभाव्य', तपासणीने इजा सिद्ध झाली तरच 'निश्चित'. तुमची नाणी-टूथपिक फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेतात. पेनडिटेक्ट या प्रश्नावलीचा 19 किंवा एस-लॅन्सचा 12 गुणांचा आकडा पहिली पायरीसुद्धा नव्हे, ती फक्त चाळणी.

आणि चाल अडखळणं, शर्टाची बटणं लावता न येणं, हॉफमन (बोटाची) किंवा बाबिन्स्की (तळपायाची) ही मज्जारज्जूच्या बिघाडाची चिन्हं पॉझिटिव्ह, यांतलं काहीही दिसलं तर नाणी, ताण सगळं बाजूला ठेवा आणि थेट एमआरआय. तिथे प्रश्न मज्जारज्जूचा आहे. स्पर्लिंग तर अशा मानेवर मुळीच करू नका.

तार_तपासनीस

टूथपिक दर पेशंटला नवी घ्या आणि लगेच टाकून द्या. वरच्या क्रमात ते लिहायचं राहिलं.