मदत हवी आहे: व्यापारी मालाचे भाव कसे ठरवावेत?

नमस्कार. मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक जगातल्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधार म्हणून एक मोहीम (अनेक बैठकांत चालणारी कथा) चालवत आहे. माझ्या खेळाडूंनी लढाया बाजूला ठेवून व्यापार करण्याचे ठरवल्यामुळे पेचात सापडलो आहे.

नियमांप्रमाणे सोन्याचे १ नाणे म्हणजे चांदीची १० किंवा तांब्याची १०० नाणी. मालाच्या तक्त्यात पौंडभर गव्हाला तांब्याचे १ नाणे, मिठाला ५ आणि केशराला सोन्याची १५ नाणी पडतात, म्हणजे एका बैलाची किंमत! लुटीतली शस्त्रे निम्म्या किमतीला जातात, हा माल मात्र पूर्ण किमतीला विकता येतो. नाण्यांऐवजी माल देता-घेता यावा यासाठी ही सोय ठीक आहे. परंतु खरेदी आणि विक्रीचा भाव सगळीकडे एकच असेल, तर व्यापाऱ्याने पोट कशावर भरायचे?

म्हणून दूरच्या शहरात सगळाच माल मी २० टक्क्यांनी महाग केला आणि तिथेच फसलो. गाडीभर, म्हणजे २००० पौंड मीठ नेले तर भांडवल सोन्याची १०० नाणी आणि नफा २०. उलट खोगिराच्या पिशव्यांत २० पौंड केशर नेले तर भांडवल ३०० आणि नफा ६०. साहजिकच गाडी, बैल, पहारेकरी आणि वाटेतले दरोडेखोर (ज्यांच्या तयारीत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या) सारे निरुपयोगी ठरले.

आता टक्केवारी सोडून, वजन आणि प्रवासाचे दिवस यांवर वाहतुकीचा खर्च काढून तेवढाच भाव वाढवावा, असा विचार आहे. पण मग केशर नेण्यात काहीच राम उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे टक्केवारी तशीच ठेवून खपाला मर्यादा घालणे: लहान गावात मूठभर केशर विकले गेले की पुढच्याचा भाव पडावा. १३२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मानसा मूसा याने कैरोत इतके सोने वाटले की खुद्द सोन्याचा भाव उतरला, तेव्हा ही कल्पना अवास्तव नाही.

अडचण हिशेबाची आहे. प्रत्येक गावाची वही न ठेवता भावातली ही घसरण कशी दाखवावी? आणि एका वेळी किती जिनसांचे भाव बदलते ठेवावेत? ज्यांनी खेळात व्यापार प्रत्यक्ष चालवून पाहिला आहे, त्यांनी आपली पद्धत आकड्यांसह सांगावी, ही विनंती.