एमजीबीला ऑईल कूलर बसवण्याआधी हवा जाते कुठे ते बघा

चरईकर
काल इथे एकाने लिहिलं: "ठाण्यात जुनी स्पोर्ट्स कार चालवायची तर पुढे मोठा ऑईल कूलर बसवा, बंपरखालच्या पत्र्याला दोन भोकं पाडून ब्रेकला हवेचे पाईप द्या. विषय संपला." नाही संपत. हेच ऐकून मी १९७१ च्या एमजीबीवर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पैसे घातले आणि दोन उन्हाळे पस्तावलो.

इंजिनाचं तेल गार करणारा हा कूलर बसतो रेडिएटरच्या पुढे. मे महिन्यात माजिवड्याहून कासारवडवलीला निघा. मेट्रोचे खांब, डंपर, ताशी पाच किलोमीटर. समोरून वारा येतच नाही. कूलरने गरम केलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येते. माझ्या तेलाचा काटा जेमतेम हलला, पाण्याचा मात्र वर चढला. शेवटी जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद केल्या, कारण हवा सोपी वाट धरते, रेडिएटरमधून कशाला जाईल? मग इलेक्ट्रिक पंखा लावला. तेल १२५ अंशांवरून ११० वर आलं. कूलर तोच, तेवढाच.

तुर्भे गॅरेज
दादा, तुम्ही ट्रॅफिकमध्ये उभे राहता म्हणून सगळ्यांनी कूलर काढायचे का? ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसलेली एमजीबी ताशी नव्वदला मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर फिरते. पनवेलहून लोणावळ्यापर्यंत तशीच दामटा, वर बोर घाटाचा चढ. तिथे वारा भरपूर असतो आणि कूलरच कामाला येतो. फक्त थर्मोस्टॅट घाला, म्हणजे तेल तापेपर्यंत ते कूलरकडे जात नाही. जानेवारीत सकाळी कोपरखैरणे ते वाशी एवढंच फिरणाऱ्यांचं तेल ८० पर्यंतही पोचत नाही, आतलं पाणी उडत नाही, झाकणाखाली पांढरी साय जमते. अशी इंजिनं मी स्वतः उघडली आहेत.

फटी बंद करायचं मात्र बरोबर आहे. तेवढं मान्य.

पामबीच १९६८
ते कालचं मीच लिहिलं होतं. आणि ब्रेकच्या पाईपांवर मी ठाम आहे. गेल्या पावसाळ्यात जुन्नरहून येताना माळशेज उतरत होतो. मोरोशीच्या अलीकडे पेडल सरळ जमिनीला टेकलं. मागे बायको आणि मुलगी दुसऱ्या गाडीत होत्या, त्यांनी बघितलं. हँडब्रेक आणि दुसरा गिअर, एवढ्यावर थांबलो. त्यानंतर भोकं पाडली. घरी बसून मला शिकवू नका.

चरईकर
तुम्ही वाचलात हे महत्त्वाचं. पण पेडल खाली गेलं म्हणजे पॅड तापून घसरले असं नव्हे. पॅड घसरतात तेव्हा पेडल कडकच राहतं, गाडी थांबत नाही. खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑईल उकळलं, वाफ झाली. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑईल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडचा पावसाळा ते पाणी फुकट पाजतो.

सीवूड्सकर
म्हणून मी डॉट ५ वापरतो. सिलिकॉन आहे, पाणी शोषत नाही, रंगही खात नाही.

तुर्भे गॅरेज
आणि पाणी गेलं कुठे? ते मिसळत नाही म्हणून थेंब होऊन कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) तळाशी बसतं. तिथेच गंज, तिथेच उकळी. रंग वाचवायला पिस्टन अडकवून घेणारे दरवर्षी येतात माझ्याकडे. हवेचे बुडबुडे काढता काढता दुपार जाते ती वेगळीच.

सीवूड्सकर
नऊ वर्षं वापरतोय, एकदाही अडकलेला नाही. तुमच्याकडे बिघडलेल्याच गाड्या येणार, चांगल्या कशाला येतील?

तुर्भे गॅरेज
कॅलिपर उघडून बघा, मग बोला.

पामबीच १९६८
तुमचं डॉट प्रकरण चालू द्या. माझा प्रश्न तसाच आहे. ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, हवा दिली तर तोटा काय?

चरईकर
एमजीबीची पुढची डिस्क भरीव आहे, आत पोकळी नाही. पोकळ डिस्कला मधोमध हवा दिली की ती आतून बाहेर फेकली जाते. भरीव डिस्कला तुमचा पाईप एकाच बाजूवर फुंकतो. एक तोंड गार, एक गरम, मग डिस्क वाकडी होऊन स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचा मूळ पत्रा कापलात, याचं मला खरंच वाईट वाटलं. तो पत्रा परत मिळत नाही.

तुर्भे गॅरेज
पाईपाचं तोंड दुभागून दोन्ही बाजूंना समान हवा देता येते, मी दोन गाड्यांना केलंय. पण माळशेज उतरताना वेग चाळीसच्या आत. त्या वेगाला पाईपातून फार काही येत नाही, हे कबूल करतो. तिथे खालचा गिअर जास्त कामाचा. पामबीच, ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?

पामबीच १९६८
गाडी घेतली तेव्हा.

तुर्भे गॅरेज
म्हणजे?

पामबीच १९६८
चार वर्षं झाली. रविवारी आणतो, चारही चाकांचं काढून द्या. भोकं मात्र बुजवणार नाही.