भावंडांच्या मनातला 'पुढे काय' हा प्रश्न
घरात ऑटिझम असलेलं मूल असेल तर त्याच्या धाकट्या भावंडांना रोज वेगळा वेळ द्या असं सांगतात ते पटलंच, पण मोठी होत जाणारी भावंडं आतल्या आत कुढतात ते आईबाबांनंतर दादाचं कोण बघणार याने. माझी लेक नववीत असताना ओट्यापाशी भांडी लावता लावता एकदम म्हणाली, मग मी हॉस्टेलला जायचंच नाही का? पोटात गोळाच आला.

तेव्हा तिला समोर बसवून सगळं सांगितलं. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (१९९९ चा) ऑटिझम असलेल्या मुलाला अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो, अर्ज जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडे, तिथे कलेक्टर असतात, आणि पालक म्हणून नोंदणीकृत संस्थासुद्धा चालते, बहिणीनेच व्हायला हवं असं काही नाही. पैशांचंही बोललो. खूप रडली, मग कॉलेजांची नावं काढून बसली. हे मुलांपासून लपवू नका प्लीज.