शब्दचर्चा : सावकाश, स्वस्थ, उसंत, सवड आणि ‘स्वतःशी जोडले जाणे’

प्रश्न

दहा मिनिटांच्या विश्रांतीच्या ध्वनिफितीसाठी मराठी मजकूर हवा आहे. मूळ सूचना आहे, ‘स्लो डाउन’ करा, स्वतःशी ‘रिकनेक्ट’ व्हा. भाषांतरात ‘गती कमी करा आणि स्वतःशी पुन्हा जोडले जा’ असे आले. अर्थ कळतो, पण कान नको म्हणतो. नेमके काय खटकते? निवांत, सवड, उसंत, फुरसत, विसावा यांपैकी काय कुठे चालेल?

उत्तर

‘गती कमी करा’ ही वाहन चालवणाऱ्याला द्यायची सूचना झाली. माणसाला आपण ‘जरा सावकाश’ म्हणतो. सावकाश म्हणजे स + अवकाश, जागेसह. ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’ या वाक्यात तोच अवकाश काळाबद्दल येतो. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी वेग नाही, दोन कामांमधली मोकळी जागा आहे. (हिंदीत अवकाश म्हणजे रजा. हिंदीवरून भाषांतर करताना इथे हमखास घोटाळा होतो.)

‘जोडले जा’ची अडचण आणखी मोठी. जोडायला दोन वस्तू लागतात. मी आणि ‘स्वतः’ अशा दोन वस्तू मराठी वाक्यात सहज उभ्या राहत नाहीत, आणि ‘जोडले जा’ या कर्मणी रूपाची आज्ञा तर कुणीच कुणाला देत नाही. आपल्याकडे या अनुभवाला फार जुना शब्द आहे : स्वस्थ. स्व + स्थ, म्हणजे आपल्या ठिकाणी असलेला. हिंदीत तो ‘निरोगी’ या अर्थाकडे वळला, मराठीत मनाकडे. म्हणून हिंदीत ‘अस्वस्थ’ म्हणजे आजारी आणि मराठीत बेचैन. ‘मनःस्वास्थ्य’ हा शब्दही याच घरचा.

हरकत

व्युत्पत्ती मान्य, पण ‘स्वस्थ बसा’ हे वाक्य ध्वनिफितीत घालू नका. ‘सगळे घडत असताना हे स्वस्थ बसले’ यात दोष आहे. ‘न्याय मिळेपर्यंत स्वस्थ बसणार नाही’ यात स्वस्थ असणे ही टाळायची गोष्ट आहे. ऐकणारा आधीच ‘काहीतरी करायला हवे’ या दडपणाखाली असेल, तर हा अर्थ पहिल्यांदा जागा होतो.

हरकतीवर

बरोबर आहे, पण दोष ‘स्वस्थ’मध्ये नसून ‘बसणे’ या क्रियापदाशी झालेल्या जोडीत आहे. क्रियापद बदलले की छटा बदलते. ‘स्वस्थ चित्ताने’, ‘स्वस्थ वाटू लागेल’, ‘मन स्वस्थ होऊ द्या’ यांत निष्क्रियतेचा आरोप उरत नाही. ‘शांत’चेही तसेच. ‘शांत बसा’ म्हटले की वर्ग आठवतो, ‘शांत व्हा’ म्हटले की भांडण. ‘शांत वाटेल’ मात्र निर्धोक.

बाकीच्या शब्दांबद्दल

सवड स्त्रीलिंगी. ती मिळते, होते आणि मुख्य म्हणजे काढता येते : ‘रोज दहा मिनिटांची सवड काढा’. मोजता येणारा मोकळा वेळ सांगायचा असेल तर हाच शब्द.

उसंतही स्त्रीलिंगी, पण तिचा जीव क्षणाएवढा आणि ती बहुधा नकारात येते : ‘क्षणाची उसंत नाही’, ‘उसंत घेऊ देत नाही’. ‘जरा उसंत घ्या’ चालते, ‘रोज एक तासाची उसंत’ चालत नाही.

फुरसत अरबी-फारसीतून आली. अरबीत मूळ अर्थ संधी. मराठीत तिला थोडी ऐसपैस, कधी तक्रारीची छटा आहे (‘मरायलाही फुरसत नाही’), म्हणून मार्गदर्शनाच्या मजकुरात ती सैल वाटते.

निवांत ही अवस्था आहे, ती मोजता येत नाही. त्याचे नाते संस्कृत ‘निवात’शी, म्हणजे वारा नसलेल्या जागेशी सांगितले जाते. ‘निवांत बसा’ यात ‘स्वस्थ बसा’मधला दोष नाही, हा त्याचा मोठा फायदा.

विसावा हा विश्रामाचा तद्भव. ग्रामचे गाव आणि नामचे नाव झाले, तसाच इथे ‘म’चा ‘व’ झाला. विसावा म्हणजे थांबणे आणि थांबायची जागाही. मात्र तो श्रमानंतरचा आहे. सकाळी उठल्या उठल्या ऐकायच्या ध्वनिफितीत तो विचित्र वाटेल.

हळू की सावकाश?

हा फरक प्रत्यक्ष सूचनेत फार महत्त्वाचा आहे. हळू हा लघूपासून आला : लघु, लहु, मग अक्षरांची अदलाबदल. हलका हा त्याचाच भाऊ. मूळ अर्थ कमी वजनाचा, म्हणूनच ‘हळू बोल’ म्हणजे आवाज लहान कर आणि ‘सावकाश बोल’ म्हणजे घाई करू नकोस. ‘हळू श्वास घ्या’ म्हटले की काही जण श्वासाचा आवाज दाबायला लागतात आणि छाती आवळून धरतात. ‘सावकाश’ म्हणा.

त्याहून घातक वाक्य म्हणजे ‘दीर्घ श्वास घ्या’. लोक छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके पडते, बोटांना मुंग्या येतात. भर सोडण्यावर हवा : ‘श्वास सावकाश सोडा’. घेताना चार अंक, सोडताना सहा अंक, अंक सेकंदाला एक. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. कुणाला सहापर्यंत ओढाताण होत असेल तर तीन आणि चार घ्यावेत. सोडणे घेण्यापेक्षा लांब राहिले की पुरे.

‘माइंडफुलनेस’ला ‘सजगता’ म्हणावे का?

रूढ झाला आहे, तरी मला तो इथे नको वाटतो. ‘सजग नागरिक’ म्हणजे पहारा देणारा नागरिक. ऐकणाऱ्याला सैलावायचे आहे, पहारा द्यायचा नाही. मूळ पाली शब्द ‘सति’, संस्कृत ‘स्मृति’. पालीचे इंग्रज अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्याला ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द वापरला. आठवणीच्या जवळ जाणारा मराठी शब्द म्हणजे भान. फक्त ‘भानावर या’ म्हणू नका, तो दटावणीचा सूर आहे. ‘श्वासाचे भान असू द्या’ म्हणा.

पुरवणी : क्रियापदाचे रूप

शब्दांइतकेच रूपाकडे लक्ष द्यायला हवे. ‘करा, सोडा, थांबवा’ या आज्ञांची रांग लागली की विश्रांतीचेच काम होऊन बसते. मराठीत यासाठी ‘-ऊ द्या’ हे फार गुणी रूप आहे : येऊ द्या, जाऊ द्या, असू द्या. त्यात करणारा बाजूला होतो. ‘विचार थांबवा’ ही अशक्य मागणी आहे, ‘विचार येऊ द्या, जाऊ द्या’ जमण्यासारखे आहे. ‘डोळे बंद करा’पेक्षा ‘डोळे मिटा’, ‘शरीर शिथिल करा’पेक्षा ‘अंग सैल सोडा’. ‘मन एकाग्र करा’ वगळाच, त्याने कपाळावर आठी येते.

एक हिशेब. प्रत्येक सूचनेनंतर किमान दोन श्वास, म्हणजे वीस सेकंद, काही बोलू नये. वाक्याला पाच सेकंद धरले तर दहा मिनिटांत चोवीसच सूचना बसतात. मजकूर चाळीस वाक्यांचा असेल तर वाचणाऱ्याला घाई होणार, आणि ती आवाजात ऐकू येते.

प्रश्नकर्त्याला मसुदा

सुरुवात अशी करून पाहा, प्रत्येक ओळीनंतर दोन श्वासांएवढा वेळ सोडून :

निवांत बसा. डोळे मिटा.
खांदे खाली येऊ द्या. अंग सैल सोडा.
श्वास येईल तसा येऊ द्या. सोडताना सावकाश सोडा.
लक्ष भरकटले तर भरकटू द्या. कळले की परत श्वासापाशी या.

‘श्वासापाशी’ मुद्दाम घेतले आहे. ‘श्वासाशी जोडले जा’ ऐवजी ‘-पाशी’ने भागते, कारण ‘-पाशी’त फक्त जवळ असणे आहे. ‘रिकनेक्ट’च्या जागीही ‘आपल्यापाशी या’ एवढेच ठेवा, ‘पुन्हा’ घालायची गरज नाही. ‘परत या’मध्ये ते आलेच आहे.