मदत हवी आहे: २५ मार्चसाठी मराठी विनवण्या

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याकडची. २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, गाब्रिएल दूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिल्याचा सण. त्या संध्याकाळी आमच्या पॅरिशची (चर्चची) वीसेक माणसं वाडीतल्या खुर्सापाशी (क्रुसापाशी) मेणबत्त्या लावून न जन्मलेल्या बाळांसाठी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणणार आहोत. घोषणा नाहीत, फलक नाहीत, गर्भपाताच्या दवाखान्यासमोर उभं राहणं तर नाहीच. पाद्रीबाबांनी तसं बजावलंय आणि मला ते मनापासून पटतं. गेल्या खेपेला एक बाई हातातली मेणबत्ती न पेटवताच शेवटपर्यंत पायरीवर रडत बसली होती. तिला टोचेल असा एकही शब्द नको.

कोकणी विनवण्या (प्रार्थनेत देवाकडे करायच्या मागण्या) आहेत, पण मराठी बोलणाऱ्या शेजारणीही येतात. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपैकी कुणाकडे साध्या मराठीतल्या आहेत का? आणि रस्त्याकडेला बसायला पंचायतीचं पत्र पुरतं, की पोलिसांनाही कळवावं लागतं?